पाच हजारांपैकी एक, पण पाच हजार कशाचे?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी मी गेले, तेव्हा काकूंनी दिवाणावर धुतलेली चादर घालून तिच्यावर खेळण्यातल्या गाड्यांचे ६४ डबे ओळीने मांडून ठेवले होते. इमारत पुनर्विकासाला जाणार होती. दोन महिन्यांत भाड्याच्या लहान जागेत जायचं होतं, कपाटं कमी करायची होती, आणि काकांच्या गाड्यांचं काय करायचं हे ठरत नव्हतं. काका जाऊन दीड वर्ष झालं होतं. काकू माझ्या आईच्या जुन्या मैत्रीण. मी बरीच वर्षं डाय-कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या छोट्या गाड्या जमवते, म्हणून आईने माझं नाव सुचवलं.

“अगं, एकेका गाडीचे पाच-पाच हजारच नग काढलेत,” काकू म्हणाल्या. “सर्टिफिकेट आहे, त्यावर नंबर आहे. हे म्हणायचे, ही आपली एफडी समज. आता तूच सांग, मोडली तर किती येतील?”

भाच्याने त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता. त्यात हॉट व्हील्सची एक इवलीशी गाडी मोठ्या किमतीला गेली होती, आणि कारण सांगितलं होतं: फक्त १०,००० बनल्या. इथे तर ५,००० होत्या, म्हणजे दुप्पट दुर्मिळ. हिशोब सरळ वाटतो आणि काकूंचा त्यावर विश्वास बसला यात त्यांची काहीच चूक नाही. लिमिटेड एडिशनचा आकडा घेऊन हाच प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की काकूंच्या परवानगीने हे एक प्रकरण मी पूर्ण लिहून काढते आहे. नावं आणि घरचे तपशील वगळले आहेत.

काका १९८१ ते १९९७ इंग्लंडमध्ये, लेस्टरजवळच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. साचे बनवणं हाच त्यांचा व्यवसाय. त्यांची वही मी सगळ्यात आधी मागून घेतली, आणि असं काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन: गाड्यांआधी वही बघा. काकांच्या वहीत प्रत्येक गाडीची तारीख, दुकान, किंमत आणि शेवटी साच्याबद्दल एक ओळ होती. ‘छताची कड अतिशय स्वच्छ.’ ‘दोन भागांचा जोड कुठे आहे ते भिंगाखालीही दिसत नाही.’ हा माणूस गाड्या जमवत नव्हता, दुसऱ्या एखाद्या टूलमेकरचं काम वाचत होता. एफडीची भाषा वहीत पहिल्यांदा येते १९९१ च्या सुमारास, टपालाने गाड्या विकणाऱ्या एका कंपनीचं माहितीपत्रक चिकटवलेलं आहे तिथे. मोजकीच निर्मिती, क्रमांकित प्रमाणपत्र, आजची आवड उद्याची ठेव, असा त्यातला मजकूर. त्या पानानंतर साच्यांवरचे शेरे कमी होतात आणि ‘५,००० पैकी’ अशा नोंदी वाढतात. ते पाहून मला वाईट वाटलं.

६४ डब्यांपैकी ४१ लेडोच्या ‘डेज गॉन’ मालिकेतल्या व्हॅन आणि बस होत्या, १४ त्याच कंपनीच्या ‘व्हॅनगार्ड्स’ मालिकेतल्या, म्हणजे पन्नास-साठच्या दशकांतल्या ब्रिटिश मोटारी, आणि उरलेल्या ९ कॉर्गी वगैरे इतर कंपन्यांच्या. याखेरीज दोन गाड्या डब्याविना, बोर्नव्हिटाच्या जुन्या बरणीत. त्यांच्याकडे काकूंनी मला नीट बघूही दिलं नाही. “ती मुलाची खेळणी. रंग गेलाय. ती नको धरूस,” म्हणाल्या. मी होकार दिला आणि डब्यांकडे वळले.

लेडोची गोष्ट माहीत नसेल तर त्या ४१ गाड्यांचा अर्थ लागत नाही. जॅक ओडेल हे मॅचबॉक्स या खेळण्यातल्या गाड्यांमागचे इंजिनियर. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ यांनी १९४७ मध्ये लेस्नी कंपनी काढली, ओडेल लवकरच तिच्यात आले. त्यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेण्याची मुभा होती, म्हणून त्यांनी तिला पितळेचा इवला रोडरोलर करून दिला, आणि त्यातून मॅचबॉक्स जन्मली. १९५३ च्या राज्याभिषेकाच्या वेळी त्यांनी काढलेली छोटी शाही बग्गी दहा लाखांवर खपली. पुढे १९८२ मध्ये लेस्नी बुडाली. ओडेल तेव्हा साठी ओलांडलेले. त्यांनी लंडनच्या उत्तर भागात एनफील्डमध्ये त्याच वर्षी नवी कंपनी काढली आणि आपल्या आडनावाची इंग्रजी अक्षरं उलट्या क्रमाने लिहून तिचं नाव ठेवलं लेडो. १९८३ मध्ये डेज गॉनची पहिली मॉडेल्स आली: घोड्यांची ट्राम, दूधगाडी, घोड्यांची बस, अग्निशमन बंब. आणि सहाव्या क्रमांकावर १९२० ची फोर्ड मॉडेल टी व्हॅन.

ही मॉडेल टी व्हॅनच या प्रकरणाची किल्ली आहे. काकांच्या ४१ मध्ये ती ११ वेळा होती. एकीवर चहाची जाहिरात, एकीवर मोहरीची, एकीवर कुठल्या तरी गावच्या वर्तमानपत्राची. अकरा डबे, अकरा रंग, अकरा नावं. खालची गाडी मात्र एकच.

असं का होतं ते साच्याच्या अर्थकारणात आहे. डाय-कास्ट गाडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम. वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात शिरतो, क्षणात गोठतो, साचा उघडतो, गाडीचं अंग बाहेर पडतं. खर्च सगळा त्या पोलादी साच्यात. तो घडवायला कुशल हातांचे महिने लागतात, आणि एकदा झाला की तो लाखांच्या घरात नग देतो. मग ५,००० नग काढून थांबणं कुणालाच परवडणार नाही. कंपनी थांबतही नाही. ती थांबते फक्त छपाईपाशी. गाडीवरची जाहिरात टॅम्पो पद्धतीने छापतात: धातूच्या पट्टीवर अक्षरं कोरलेली, त्यात शाई, सिलिकॉनचा मऊ गोळा ती शाई उचलतो आणि गाडीच्या गोलसर अंगावरही बिनचूक उमटवतो. साच्याच्या मानाने ही पट्टी बदलायला फारच थोडा खर्च येतो. पट्टी बदला, रंग बदला, नवीन ‘मर्यादित आवृत्ती’ तयार. लेडो तर मागणीप्रमाणे दुकानांसाठी, कारखान्यांसाठी, संस्थांसाठी जाहिरातीच्या गाड्याही छापून देत असे. मॉडेल टी व्हॅन अशा शेकडो रूपांत निघाली.

मी काकूंना डबे उघडून दाखवायला लागले. अकरा व्हॅन उलट्या करून एका रांगेत ठेवल्या. उलट्या ठेवल्यावर त्या ओळखू येईनात. अकराही तळ एकच होते.

“म्हणजे नंबर खोटा?” त्यांनी विचारलं.

नंबर खोटा नव्हता, आणि याच मुद्द्यापाशी बहुतेकांची गल्लत होते. चहाची जाहिरात असलेल्या त्या व्हॅनचे ५,०००च निघाले असतील, तसं मानायला माझी काहीच हरकत नाही. पण तो आकडा त्या छपाईचा आहे. गाडीचा नाही. अकरांपैकी नऊ डब्यांत आकडा दिलेला होता. त्या नऊ आकड्यांची बेरीज मी वहीच्या मागच्या पानावर केली, ती ५० हजारांच्या पुढे गेली. एकाच माणसाच्या कपाटातल्या, एकाच साच्याच्या, नऊच छपायांचे ५० हजार. बाकीच्या शेकडो छपाया वेगळ्या. मॉडेल टी व्हॅन हवी असलेल्या माणसाला ती कधीच अडणार नाही. चहाचीच हवी असलेल्याला मात्र ५,००० चा आकडा लागू होतो, आणि मग पुढचा प्रश्न येतो: चहाचीच हवी असलेले जगात किती आहेत? मागणीची संख्या प्रमाणपत्रावर छापलेली नसते. एखाद्या गोष्टीचे ५,००० नग असतील आणि ती हवी असणारे ८०० असतील, तर ती दुर्मिळ नाही, शिल्लक आहे.

प्रमाणपत्रांबद्दल आणखी एक गोष्ट मी लगोलग सांगून टाकली. ‘५,००० पैकी ३,२१८’ हा क्रमांक कागदावर असतो. गाडीच्या तळावर तो कोरलेला नव्हता. त्यामुळे हा कागद याच गाडीचा, असं कुणीच सिद्ध करू शकत नाही. डबे साफ करताना दोन कागदांची अदलाबदल झाली तरी कळणार नाही. कागद जपावा, कारण संच पुरा असला की घेणाऱ्याला बरं वाटतं. त्याहून जास्त भार त्यावर टाकू नये. आणि दोन डब्यांवर तर नुसतंच ‘मर्यादित आवृत्ती’ होतं, आकडाच नव्हता. मर्यादा किती हे न सांगता मर्यादित म्हटलं, तर त्या शब्दाने काहीच सांगितलेलं नसतं.

इतर कंपन्यांच्या नऊ डब्यांत एक जर्मन मिनिचॅम्प्सची शर्यतीची गाडी होती, १:४३ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याची, आकडा १,००८. काकूंना तो आकडा विचित्र वाटला. हजार का नाही? माझ्या डोळ्यांपुढे अशा वेळी पुठ्ठ्याचं खोकं येतं. १,००८ म्हणजे २४ चे ४२ गठ्ठे, किंवा १२ चे ८४. असे आकडे पाहिले की वाटतं, हा मागण्या घेऊन, खोकी भरून, कारखान्याच्या हिशोबाने ठरलेला आकडा आहे. मला अशा आकड्यावर गोल पाच हजारांपेक्षा जास्त विश्वास वाटतो. हे माझं मत. पुराव्याने सिद्ध करता येणार नाही.

आता भाच्याच्या व्हिडिओकडे. तो मुलगा हुशार आहे, त्याने प्रश्नही नेमका विचारला: “ताई, मग हॉट व्हील्सच्या दहा हजारांना भाव का?”

१९९५ मध्ये हॉट व्हील्स बनवणाऱ्या मॅटेलने ‘ट्रेझर हंट’ नावाने १२ गाड्या काढल्या. प्रत्येकीचे १०,०००, म्हणजे सगळ्या मिळून १ लाख २० हजार. ओल्ड्स ४४२ ने सुरुवात, ’३१ डूझी शेवटची, आणि मधली पांढरी ’६७ कॅमॅरो ही आजही सगळ्यात जास्त शोधली जाणारी. पण या गाड्या वेगळ्या काउंटरवर प्रमाणपत्रासह मिळत नव्हत्या. नेहमीच्या खोक्यांत, नेहमीच्या गाड्यांबरोबर मिसळून त्या दुकानांत गेल्या आणि नेहमीच्याच किमतीला टांगल्या गेल्या. ज्या हातात त्या पडल्या त्यातले कित्येक हात लहान मुलांचे होते. कार्डावरचं प्लास्टिकचं वेष्टन फाडलं गेलं, गाडी फरशीवर धावली, दारात अडकली, वाळूत हरवली. १०,००० ही जन्माची संख्या. आज कार्डासह शाबूत असलेल्यांची संख्या त्याहून कमी, आणि हॉट व्हील्स जमवणाऱ्यांची संख्या मात्र १९९५ नंतर वाढतच गेली. कंपनीलाही ते कळलं. पुढच्या वर्षांत प्रत्येक ट्रेझर हंटची निर्मिती तिने वाढवली. २००७ पासून दोन थर झाले, साधी आणि सुपर. सुपरला स्पेक्ट्राफ्लेम हा धातूसारखा चमकणारा रंग आणि रबरी चाकं. आता संग्राहक आकडा विचारत नाहीत, ट्रेझर हंटचं ज्वाळेचं चिन्ह शोधतात.

लेडोच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. माहितीपत्रक वाचून ज्यांनी घेतल्या त्या सगळ्यांनी त्या जपल्या. डबा फेकला नाही, प्रमाणपत्र फाइलला लावलं, गाडी मुलांच्या हाती दिली नाही. काकांनी तेच केलं. नौपाड्यात, लेस्टरमध्ये, मेलबर्नमध्ये हजारो काकांनी तेच केलं. ५,००० निघाल्या आणि जवळजवळ ५,००० उरल्या, डब्यासकट, नव्यासारख्या. साठच्या दशकातली मॅचबॉक्स किंवा कॉर्गी आज महाग आहे कारण तिच्यावर मुलं तुटून पडली होती. जपण्यासाठीच विकलेली वस्तू दुर्मिळ व्हायला पुढच्या पिढ्यांनी ती फेकावी लागते. ती फेकण्याची वेळ आता कुठे येते आहे. पुनर्विकासात, घरं रिकामी करताना.

आणि साचाही मेला नाही. लेडो १९९९ मध्ये बुडाली, कॉर्गीने ती घेतली. डेज गॉन आणि व्हॅनगार्ड्स ही दोन्ही नावं पुढेही चालली, निर्मिती चीनमध्ये गेली. २००८ मध्ये कॉर्गी हॉर्नबी या ब्रिटिश खेळणी-कंपनीकडे आली, आणि व्हॅनगार्ड्सच्या गाड्या आजही निघतात. ‘कंपनी बंद पडली म्हणजे आता भाव येणार’ हे गणित काकूंच्या भावानेही मांडलं होतं. कंपनी बंद पडते तेव्हा साचे लिलावात जातात आणि दुसऱ्या गिरणीत दळायला लागतात.

आम्ही दोन संध्याकाळी बसून प्रत्येक डब्याची नोंद केली. भावासाठी मी एकच नियम पाळते: कुणी किती मागतोय ते पाहायचं नाही, विकल्या गेलेल्यांचे भाव पाहायचे. मागायला काय, कुणीही लाख मागेल. विकल्या गेलेल्या यादीत डेज गॉनच्या सर्वसाधारण व्हॅन सुट्या जातच नव्हत्या, दहा-वीसच्या लॉटमध्ये जात होत्या. ठाण्याहून इंग्लंडला एक गाडी पाठवायचा खर्च त्या गाडीच्या किमतीहून जास्त निघत होता. काकांनी टपाल-कंपनीला मोजलेले पौंड आणि आजचे रुपये समोरासमोर लिहिले. महागाई बाजूला ठेवली तरी ४१ पैकी ३८ गाड्या तोट्यात होत्या. उरलेल्या तीन जाहिरातीसाठी छापून घेतलेल्या होत्या, कुठल्या तरी स्थानिक संस्थांच्या. त्यांना जरा बरा भाव होता, आणि तो तपासताना कोड पाहावा लागला. संग्राहक कारखान्यातच रंगवून छापलेल्या गाडीला कोड १ म्हणतात, कंपनीच्या परवानगीने दुसऱ्याने सजवलेलीला कोड २, आणि परवानगीविना कुणी घरी रंगवली-चिकटवली तर कोड ३. तिघींपैकी एकीवर अक्षरं छापलेली नव्हती, स्टिकर होता, त्याची कड नखाला लागत होती. ती कोड ३ असावी असं मी लिहिलं आणि यादीत खाली टाकली. व्हॅनगार्ड्सचा भाव थोडा बरा होता, मिनिचॅम्प्सचा आणखी बरा. कारण त्या मोटारींवर प्रेम असलेले लोक आहेत. मॉरिस मायनर शिकताना चालवलेला माणूस मॉरिस मायनर शोधतो, आकडा शोधत नाही.

हे सगळं काकूंना सांगणं मला जड गेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, म्हणाल्या, “म्हणजे यांना फसवलं.” मी सांगितलं की आकडा कुणी खोटा छापला नव्हता, त्या माहितीपत्रकाने आकड्याच्या तोंडी जे शब्द घातले ते मात्र त्याचे नव्हते. साचे घडवण्यात आयुष्य गेलेल्या काकांना हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी बहुतेक त्या माहितीपत्रकात आपल्या आवडीला एक प्रतिष्ठित कारण शोधलं. खेळण्यांवर पैसे घालवतो म्हणण्यापेक्षा ठेव ठेवतो म्हणणं सोपं असतं, विशेषतः परदेशात दोन घरांचा खर्च चालवणाऱ्या माणसाला.

मग मी बरणी मागितली. काकूंनी कुरकुरत दिली. आत दोन हॉट व्हील्स, एकीचा रंग कडांवरून उडालेला, दुसरीचं मागचं चाक वाकडं. उलटी केली तर तळावर ‘इंडिया’. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीच्या ‘लिओ’ नावाखाली हॉट व्हील्स आपल्याकडे बनत. मॅटेलचेच जुने साचे, पण रंग आणि छपाई इथली, इतर देशांत कधी न निघालेली. त्या गाड्यांचे आकडे कुणीच जाहीर केले नाहीत, प्रमाणपत्र तर दूरच. आपल्याकडच्या पोरांनी त्या गॅलरीत, जिन्यात, गल्लीत घासून संपवल्या, म्हणून परदेशातले संग्राहक त्या आज नेटाने शोधतात. हॉट व्हील्सच्याच १९६९ च्या ‘बीच बॉम्ब’ गाडीचंही तसंच: मागच्या काचेतून सर्फबोर्ड घालायची ती फोक्सवॅगन खेळण्याच्या धावपट्टीवर गाड्यांना वेग देणाऱ्या सुपरचार्जर यंत्रातून नीट जाईना म्हणून आराखडा बदलला, आणि आधीचे मोजके नमुने हॉट व्हील्सच्या जगातले सगळ्यात मोलाचे ठरले. त्यांच्यावरही कुणी आकडा छापला नव्हता.

बरणीतल्या दोन गाड्यांचे फोटो मी ओळखीच्या दोघा संग्राहकांना पाठवले. एकाने त्याच रात्री भाव सांगितला. त्या दोन घासलेल्या गाड्यांचा भाव प्रमाणपत्रवाल्या दहा-बारा व्हॅनच्या बरोबरीचा होता. काकू ऐकून बराच वेळ बरणीकडे बघत बसल्या, आणि मग झाकण लावून ती त्यांनी कपाटात परत ठेवली. मुलगा कॅनडात असतो. त्याला विचारल्याशिवाय नाही, म्हणाल्या.

डब्यांचं काम पुढच्या महिन्यात झालं. नाशिकचे एक निवृत्त शिक्षक जुन्या जाहिरातींच्या व्हॅनच जमवतात. ते स्वतः गाडी घेऊन आले, प्रत्येक डबा उघडून पाहिला, काकांची वही तासभर वाचली आणि ६४ पैकी ६१ एकत्र घेतल्या. जो भाव झाला त्यातून सामान हलवणाऱ्यांचं बिल आणि नव्या जागेचं एका महिन्याचं भाडं निघालं. तीन गाड्या काकूंनी ठेवल्या, त्यात ती दूधगाडी, कारण वहीतली पहिली नोंद तिची आहे.

एका गोष्टीवर मात्र आमचं जमलं नाही. मी सांगितलं होतं की कागद गाड्यांबरोबरच जाऊ द्या, संच तुटला की भाव उतरतो. शिक्षक दाराशी उभे असताना काकूंनी फाइल उघडून १४ प्रमाणपत्रं बाजूला काढली. प्रत्येकाच्या मागे काकांच्या अक्षरात त्या दिवसाची एक-एक ओळ होती: पाऊस, ओव्हरटाइम, मुंबईहून पत्र आलं, मुलाला दात आला. शिक्षकांनी त्या वाचल्या आणि भावातून एक रुपयाही कमी केला नाही.